जुनी लेन्स की नवी? – मोडी कागद आणि होळकरी रुपयाच्या निमित्ताने



आपल्या छायाचित्रण मंडळाला जवळून फोटो काढण्याची एक चांगली लेन्स घ्यावी म्हणून विश्वस्त मंडळाने निधी मंजूर केला, त्याला आता वर्ष होत आले. पैसे कुठे गेले हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. पण नुसता जमाखर्च छापण्यापेक्षा निर्णय कसा झाला ते सांगितले, तर दहावीच्या मुलांची भिंगाच्या धड्याची उजळणी होईल आणि घरी जुने कागद सांभाळणाऱ्यांनाही काही उपयोग होईल, असे वाटले. म्हणून हा लेख.

सुरुवात एका फजितीपासून करावी लागते. रामबागेतल्या एका जुन्या घरातून आपल्याकडे मोडी कागदांचे एक बाड दोन दिवसांसाठी आले होते. आपल्या इंदुरात अशी बाडे अजून पुष्कळ घरांत आहेत. होळकरांच्या दरबारात, कमाविसदारांकडे, फडणिसीत नोकरी करणाऱ्यांची ही घरे. वतनाचे, देण्याघेण्याचे, लग्नाच्या याद्यांचे कागद बासनात बांधून माळ्यावर असतात. त्या वेळी आमच्याजवळ एक साधा कॅमेरा आणि लेन्सच्या पुढे आट्यांनी बसवायची क्लोज-अपची काच होती. आम्ही उत्साहाने सगळी पाने टिपली. पडद्यावर पाहिली तर मधला मजकूर स्वच्छ, आणि चारी कडा पुसल्यासारख्या.

मोडी वाचणाऱ्या काकांनी कपाळाला हात लावला. कागदाचा सगळा जीव कडांमध्ये असतो, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. वरच्या कडेला श्रीकार, मायना आणि बहुधा तारीख, खालच्या टोकाला ‘मोर्तब सुद’ आणि शिक्का. मधला मजकूर वाचता आला तरी तो कोणी, कधी लिहिला हे कळेना. त्यातून मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे लटकवत जायची. एखादे इवलेसे वळण धूसर झाले की अक्षर बदलते.

पुन्हा फोटो काढू म्हणून निरोप पाठवला, तोवर ते कुटुंब पुण्याला मुलाकडे गेले होते. बासन उघडले तेव्हा खालच्या बाजूला कसर लागलेली निघाली. तीन पानांचे शिक्के आज फक्त आमच्या त्या धूसर फोटोंत आहेत. लेन्सचा प्रश्न आमच्यासाठी तिथून सुरू झाला.

पुढे परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपला वापरलेला फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस हा कॅमेरा शाळेला भेट दिला. हा ‘मीडियम फॉरमॅट’ जातीचा. याचा अर्थ ज्येष्ठ मंडळींना लगेच कळेल. बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता, त्यांना १२० नंबरचा रोल आठवत असेल. त्यावर बारा चौकोनी फोटो निघत. तोच रोल मोठ्या स्टुडिओंच्या ममिया, हॅसलब्लाड, पेंटॅक्स कॅमेऱ्यांत जाई. त्यावरची चौकट साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची, तर नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मची अवघी ३६ बाय २४. आपल्याला मिळालेल्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी सेन्सर आहे, ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा. जुन्या चौकोनापेक्षा लहान, पण ३५ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे १.७ पट. त्यावर ८२५६ बाय ६१९२ पिक्सेल आहेत.

कॅमेरा आला, पण लेन्सशिवाय. दोन रस्ते होते. एक, याच कॅमेऱ्यासाठी केलेली नवी १२० मिलिमीटर एफ ४ मॅक्रो. तिच्यात आपोआप फोकस आहे, हात हलला तरी चित्र सावरण्याची सोय आहे, पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे. दुसरा, फिल्मच्या काळातली जुनी मॅक्रो लेन्स अडॅप्टरने बसवायची. तिच्यात यांतले काहीच नाही. फोकस हाताने, अ‍ॅपर्चर हाताने.

इथे थोडे गणित करू. मित्रांनो, वही काढा.

मॅक्रो लेन्सचे पहिले माप म्हणजे ती वस्तूची प्रतिमा किती मोठी पाडते. वस्तू २० मिलिमीटरची आणि सेन्सरवरची प्रतिमाही २० मिलिमीटरची, तर एकास एक. प्रतिमा १० मिलिमीटरची, तर दोनास एक. लेन्सवर ‘मॅक्रो’ लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नका. हा शब्द फार सैल वापरतात. ममिया ६४५ साठीची जुनी १२० मिलिमीटर मॅक्रो एकास एकपर्यंत जाते, पेंटॅक्स ६४५ ची १२० देखील. ममियाचीच ८० मिलिमीटर मॅक्रो निम्म्यावर थांबते. पेंटॅक्स ६७ ची १३५ मिलिमीटर मॅक्रो तर तिनास एकच्या आसपास. हॅसलब्लाडसाठी झाइसने केलेली नामांकित १२० मॅक्रो-प्लॅनार मधे जोडनळी न घालता साडेचारास एकच्या पुढे जात नाही. आणि ती नवी, महागडी फुजीफिल्म? दोनास एक. जोडनळी घेतली तरच समप्रमाणाच्या जवळपास पोचते, आणि नळीचे पैसे वेगळे.

याचा परिणाम काय होतो ते रुपयावर पाहू. एका पालकांनी आणलेला होळकरी रुपया आम्ही मोजला, व्यास २२ मिलिमीटर. त्यावर बादशहा शाह आलमचे नाव फारसीत, आणि सोबत शिवलिंग व बेलपान. नाणे पाडणारे होळकर, नाव दिल्लीच्या बादशहाचे, खूण महादेवाची! इंदूरच्या टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘मल्हारनगर’ असे येते. सांगायचे हे, की २२ मिलिमीटरच्या त्या वर्तुळात वाचण्यासारखे पुष्कळ असते, आणि हिजरी सनाचे आकडे तर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. नवी लेन्स नळीशिवाय लावली तर रुपयाची प्रतिमा ११ मिलिमीटरची पडेल. एक पिक्सेल सुमारे ०.००५३ मिलिमीटरचा. भागाकार करा, रुपयाच्या व्यासावर जेमतेम २१०० पिक्सेल. जुन्या १२० ने एकास एक घेतले तर ४१५०. साध्या फोटोला पहिला आकडाही पुरेसा आहे. झिजलेला सन वाचायचा असेल तर दुसरा हवा.

कागदाचे गणित उलटे आहे. ३० सेंटिमीटर लांब पान ४३.८ मिलिमीटरच्या सेन्सरवर बसवायचे, म्हणजे साधारण सातास एक. एवढ्यासाठी मॅक्रोची गरज नाही, असे कोणी म्हणेल. आम्हीही आधी तेच म्हणालो होतो. पण मॅक्रो लेन्सचा खरा गुण निराळाच आहे. ती सपाट वस्तूची प्रतिमा सपाट पाडते. साध्या लेन्समधून मध्यभाग एका प्रतलात आणि कडा किंचित दुसऱ्या प्रतलात स्पष्ट होतात. चेहरा किंवा डोंगर टिपताना ते जाणवत नाही. कागदावर मात्र नेमका शिक्काच हरवतो. आमच्या पहिल्या फजितीचे कारण हेच होते. चांगल्या मॅक्रोने ३० सेंटिमीटरच्या पानावर दर मिलिमीटरला साडेसत्तावीस पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरच्या बोरूच्या फटकाऱ्याला तेरा-चौदा. मोडीचे वळण त्यात नीट उतरते.

आता अंतर. तुमच्या पुस्तकातले भिंगाचे सूत्र इथे जसेच्या तसे लागते. प्रतिमा एकास एक हवी असेल तर वस्तू आणि प्रतिमा दोन्ही भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर येतात. म्हणजे १२० मिलिमीटरच्या लेन्सला वस्तू २४ सेंटिमीटरवर. आणि लेन्स नेहमीच्या जागेपासून किती पुढे सरकली पाहिजे? नाभीय अंतर गुणिले प्रमाण. एकास एकला पूर्ण १२० मिलिमीटर, सातास एकला सुमारे १७. जुनी लेन्स हे आपल्या डोळ्यांदेखत करते. कडे फिरवले की दुर्बिणीसारखी लांब होत जाते, आणि मुलांना ते पाहायला फार आवडते. (नव्या लेन्समध्ये आतल्या काचा सरकतात, बाहेरून हालचाल दिसत नाही. त्यांना हे साधे सूत्र काटेकोर लावता येत नाही, कारण जवळ जाताना त्यांचे नाभीय अंतरच बदलते.)

हीच युक्ती जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत होती. राजा दीनदयाळ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले, पण कॅमेरा त्यांनी हाती धरला तो आपल्या इंदुरात. १८६६ च्या सुमारास ते इथल्या बांधकाम खात्यात आराखड्यांच्या कामावर आले, आणि १८७० च्या दशकात सर हेन्री डेली आणि महाराजा तुकोजीराव दुसरे यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. त्या काळच्या मोठ्या काचपाटीच्या कॅमेऱ्यात जवळची वस्तू घ्यायची तर चामड्याचा भाता ओढून लांब करत. भात्याची लांबी गेली आणि कडे आले, सूत्र मात्र तेच राहिले.

लेन्स पुढे गेली की प्रकाश कमी होतो, हेही लक्षात ठेवा. एकास एकला सेन्सरवर चौथा हिस्साच प्रकाश पोचतो. एफ ११ वर ठेवलेली लेन्स एफ २२ सारखी वागते. आम्ही नाण्याचा उंचसखलपणा सगळा स्पष्ट यावा म्हणून पहिल्या खेपेला एफ ३२ पर्यंत अ‍ॅपर्चर बारीक केले. चित्र वरपासून खालपर्यंत सारखे आले, म्हणजे सारखेच मऊ. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे रेघेची धार बोथट होते. आता नाण्याला आम्ही एफ ८ च्या पुढे जात नाही. खोली कमी पडली तर फोकस थोडा थोडा सरकवून आठ-दहा फोटो घेतो आणि संगणकावर जुळवतो. नव्या लेन्सने कॅमेरा हे सरकवणे स्वतः करतो. जुनीला कॅमेराच स्क्रूच्या पट्टीवर पुढे न्यावा लागतो. वेळ लागतो, नाही म्हणणार नाही.

दोन्ही लेन्स शेजारी ठेवून पाहण्याचा योग आला तो शहरातल्या एका स्टुडिओमुळे. त्यांनी नवी लेन्स एक दिवस वापरायला दिली. जुनी ममिया १२० आम्ही तोवर घेतली होती. खरे तर दोनदा घ्यावी लागली. पहिली आली ती ‘काच स्वच्छ’ अशा हमीवर. दुपारी मोबाइलचा दिवा मागून लावून पाहिले तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत केली, पैसे मिळाले, टपालखर्च बुडाला. त्यानंतर आम्ही प्रत्येक जुनी लेन्स अशीच तपासतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने दिवा लावायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहायचे. पाकळ्यांवर तेल आहे का, कडे अडखळते का, हेही पाहायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लागायला वेळ लागत नाही. चामड्याच्या डब्यात, कपाटाच्या तळाशी लेन्स ठेवू नये. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि पंधरवड्याने बाहेर काढून उजेड दाखवतो.

आता निकाल. मोडीच्या पानावर, एफ ११ ला, मध्यभागी दोन्ही लेन्समध्ये फरक ओळखता आला नाही. आम्ही छापील प्रतींवरची नावे झाकून सहा जणांना दाखवल्या, उत्तरे अर्धी-अर्धी आली. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले तेव्हा कोपऱ्यांत नवी स्पष्टपणे सरस. पण कागदासाठी पूर्ण उघडे कोण ठेवतो? जुनीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. ती ५६ बाय ४१.५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेली आहे. आपला सेन्सर त्याहून लहान, म्हणून तिच्या प्रतिमेचा मधला, चांगला भागच आपण वापरतो.

रुपयाच्या चांदीवर जिथे उजेड चमकतो, तिथे जुन्या लेन्सने बारीक जांभळी-हिरवी किनार दिली. नवीने जवळजवळ नाही. संगणकावर ती किनार काढता येते, पण ती होती, हे लिहून ठेवतो. शिवाय पांढऱ्या कागदाच्या भोवती बराच मोकळा पांढरा भाग राहिला की जुनीचे चित्र फिकट होते. पानाभोवती काळा पुठ्ठा ठेवला आणि लेन्सला हूड लावला, की काम भागते.

फोकसची आम्हांला सर्वांत भीती होती. ती अनाठायी निघाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्राचा एखादा भाग कित्येक पट मोठा करून पाहता येतो. शाईच्या रेघेची कड पाहत कडे फिरवायचे. फिल्मच्या काळात या लेन्स वापरणाऱ्यांना ही सोय नव्हती. आणि स्टँडवर एकदा फोकस लागला की चाळीस पानांना पुन्हा हात लावावा लागत नाही, त्यामुळे आपोआप फोकसने वेळही वाचला नाही.

मग दुपारी मुले नवी लेन्स घेऊन शाळेच्या बागेत गेली. तिथे जुनीची हार झाली, आणि ती साफ. सदाफुलीवरचे फुलपाखरू, कढीपत्त्यावरची अळी, वाऱ्यावर हलणारी फांदी, हातात धरलेला कॅमेरा. जुनीने पंचवीसपैकी दोन फोटो धड दिले, नवीने बहुतेक सगळे. संग्रहालयात किंवा कोणाच्या घरी देव्हाऱ्यासमोर ट्रायपॉड लावू देत नाहीत, तिथेही नवीच कामाची.

तेव्हा ‘कोणती चांगली’ हा प्रश्नच अपुरा आहे, असे आमचे मत झाले. वस्तू स्थिर आहे का, कॅमेरा स्टँडवर आहे का, हे आधी विचारावे. दोन्हींचे उत्तर होय असेल तर जुनी लेन्स पुरते. आमचे काम कागदांचे आणि नाण्यांचे आहे. जुनी लेन्स आणि अडॅप्टर मिळून नवीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमीत आले. उरलेल्या रकमेतून दोन चांगले दिवे आणि कागद दाबायची काच आली, आणि थोडी रक्कम विश्वस्तांकडे परतही गेली.

हे सर्वांना पटले असे नाही. आमच्यातल्या एका बाईंचे म्हणणे अजूनही असे, की शाळेत वस्तू मुलांसाठी घेतात आणि मुलांना अळीच आवडते, मोडी नाही. त्यांचा मुद्दा आम्ही खोडू शकलो नाही. पुढे निधी मिळाला तर पहिला हक्क जीवशास्त्राच्या मंडळाचा, असे ठरले आहे.

स्टँडची गंमत सांगायची राहिली. सातास एकला १२० ची लेन्स कागदापासून भिंगाच्या आठपट अंतरावर, म्हणजे ९६ सेंटिमीटरवर हवी. खरेदीच्या उत्साहात हा गुणाकार कोणी केलाच नव्हता! आपल्या जुन्या डार्करूममधल्या एन्लार्जरचा खांब आम्ही स्टँड म्हणून वापरणार होतो, तो आखूड पडला. शेवटी खांब टेबलाच्या काठाला उलट तोंडाने बसवला, पायावर वजन ठेवले आणि कागद जमिनीवर मांडला. ८० ची लेन्स घेतली असती तर ६४ सेंटिमीटरवर भागले असते. घरी असे काही करणाऱ्यांनी आधी खोलीची आणि स्टँडची उंची मोजावी, मग लेन्स निवडावी.

कॅमेरा कागदाला अगदी समांतर आहे ना, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. कागदाच्या जागी लहान आरसा ठेवा. लेन्सला आपलेच प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागी दिसले पाहिजे. सरकले असेल तर कॅमेरा तिरका आहे. स्वस्त अडॅप्टरमध्ये थोडी हालचाल असते, म्हणून आम्ही हे दर बैठकीला करतो.

विद्यार्थ्यांनी घरी हा प्रयोग करावा. मोबाइलने जितक्या जवळून स्पष्ट येईल तितक्या जवळून मोजपट्टीचा फोटो काढा. चित्राच्या रुंदीत किती मिलिमीटर बसले ते मोजा. फोटोच्या रुंदीतल्या पिक्सेलना त्या संख्येने भागा. दर मिलिमीटरला किती पिक्सेल मिळाले ते वहीत लिहून आणा, आणि चित्राच्या मध्यभागचा व कोपऱ्यातला आकडा सारखाच ठळक आहे का, तेही पाहा.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत स्टँड लावलेला असतो. कागद आणायचे असतील तर घडी उलगडण्याचा प्रयत्न घरी करू नये, आहेत तसे सुती फडक्यात बांधून आणावेत. लॅमिनेशन मुळीच करू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टीही लावू नये. नाणी चिंच किंवा पितांबरीने घासून आणू नयेत. झिजलेला सन घासल्याने दिसत नाही, उरलेलाही जातो. वस्तू घरच्या माणसासमोरच हाताळली जाईल आणि त्याच दिवशी परत दिली जाईल.